बाह मॉर्निंगस्टार यांचे सहा हजार

"आत या… दार लोटून घ्या. मी तुमचीच वाट पाहत होते."

मी हे वाक्य वाचलं आणि पाठीमागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "माझी?"

हातातला रिसीव्हर पडायचाच बाकी राहिला. वळून पाहिलं तर ऑफिसच्या दारात एक मुलगा उभा. नखशिखान्त भिजलेला, छत्री उलटी झालेली, छातीशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या फायली. त्याच्यामागे जिन्यावर धुकं साचलं होतं, त्यामुळे तो जिना चढून आलाय की धुक्यातून नुसताच उमटलाय, ते कळत नव्हतं. आणि त्यानं खरोखरच, अगदी आज्ञाधारकपणे, दार लोटून घेतलं.

मी ओठांवर बोट ठेवलं, हातातल्या पुस्तकाकडे खूण केली आणि पुढे वाचायला लागले. तो हळूच खुर्चीच्या कडेवर टेकला. गोष्ट भुताची होती. फोनच्या पलीकडे सोहरा गावचे बाह मॉर्निंगस्टार होते, आणि त्यांना भुताच्याच गोष्टी आवडायच्या. पानाच्या शेवटी मी थांबले, तशी पलीकडून टकटक ऐकू आली. दोनदा. म्हणजे आज पुरे. मी "खुबलेई, बाह" असा निरोप घेऊन फोन ठेवला.

"मला वाटलं, तुम्ही मलाच…" तो म्हणाला.

"अनोळखी माणसाला असं कोण म्हणेल?"

"म्हणूनच घाबरलो." त्यानं केसांतलं पाणी झटकलं. "किटबोक. ऑडिटरसाहेबांनी पाठवलंय. त्यांचे गुडघे आता तुमचा जिना चढत नाहीत."

"मी दारिशा. दारिशा वाहलांग."

"वाहलांग…" तो जरा थांबला. "मी नोंगब्री. हां, मग चालेल."

"काय चालेल?"

"काही नाही. रजिस्टरात लिहायला चालेल."

आमच्यात एका कुळातली मुलं-मुली म्हणजे बहीण-भाऊ. आडनाव ऐकून 'चालेल' म्हणणाऱ्या मुलाच्या मनात काय असतं, हे शिलाँगमधल्या कुठल्याही मुलीला कळतं. मी मान खाली घालून वह्या काढायला लागले. कान मात्र गरम झाले होते.

आमचं टेलिफोन वाचन मंडळ लायतुमख्राच्या बाजारात, एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत चालायचं. ज्यांना दिसत नाही, ज्यांच्याकडे कुणी येत नाही, अशा तेवीस म्हाताऱ्या माणसांना आम्ही चारजणी फोनवरून वाचून दाखवायचो. वर्तमानपत्र, बायबल, गोष्टी, ज्याला जे हवं ते. कोंग ड्रोसिलांनी मुख्याध्यापिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर हे सुरू केलं होतं. आमच्यात मोठ्या बाईला मानानं 'कोंग' म्हणतात, पुरुषाला 'बाह'. बाह मॉर्निंगस्टार माझ्याकडे मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी चारला. अकरा महिन्यांत त्यांचा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता. आधीच्या वाचणारीनं वहीत लिहून ठेवलं होतं: 'आता बोलत नाहीत, वाजवतात. तीन म्हणजे वाच, दोन म्हणजे पुरे.'

किटबोक आठवडाभर येत राहिला. समोरच्या टेबलावर बसून तो वह्या तपासायचा आणि मी वाचायला लागले की त्याचं पेन थांबायचं.

"तुमच्यामुळे माझी बेरीज चुकते," एकदा तो म्हणाला.

"मग कानात बोळे घाला."

"चुकू दे की… पुन्हा करीन."

बेरीज चुकली नव्हती, तेच वाईट होतं. महिन्याचा खर्च बावीस हजार. येणं सोळा हजार. दर महिन्याला सहा हजारांचं भोक, आणि ते बुजवायला आम्ही ठेव मोडून खात होतो. मूळची चार लाखांची ठेव आता शहाण्णव हजारांवर आली होती.

"म्हणजे सोळा महिने," किटबोक म्हणाला. मग त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. "ह्या सोळा हजारांतले सहा एकट्या माणसाचे आहेत. मॉर्निंगस्टार लिंगदोह, सोहरा. बँकेतून दर महिन्याच्या पाच तारखेला आपोआप येतात. ते थांबले तर आठच महिने."

"ते नाही थांबायचे. फार आवडीनं ऐकतात ते."

"तरी पत्र पाठवावं लागतं. वर्षात एवढी देणगी दिलीत, बरोबर ना, असं. मोठ्या देणगीदारांना विचारायचा नियम आहे."

पत्र गेलं. पुढच्या शुक्रवारी, दुपारी तीनच्या टपालात, ते तसंच परत आलं. पाकीट न फोडलेलं. पत्त्यावर लाल शाईची आडवी रेघ आणि खाली पोस्टमनच्या अक्षरात दोनच शब्द होते. 'मालक मयत.' शेजारी मृत्यूची तारीखही होती… गेल्या वर्षीच्या जूनची.

चौदा महिने झाले होते.

मी ते पाकीट किती वेळ हातात धरून बसले, कुणास ठाऊक. अकरा महिने मी कुणाला वाचून दाखवत होते?

"पोस्टमनची चूक असेल," किटबोक म्हणाला. पण त्याचाही आवाज नेहमीचा नव्हता.

चार वाजले. खिडकीबाहेर धुकं इतकं दाटलं होतं की समोरच्या चर्चचा मनोराही दिसत नव्हता. मी नंबर फिरवला. किटबोक खुर्ची ओढून माझ्याजवळ आला आणि रिसीव्हर आम्ही दोघांच्या कानांमध्ये धरला. त्याच्या स्वेटरला ओल्या लोकरीचा वास येत होता. एरवी त्या वासानं मी काय-काय विचार केले असते…

पलीकडे रिसीव्हर उचलला गेला. नेहमीसारखीच लांबवर पाण्याची घरघर. मग टक. टक. टक.

"बाह," मी म्हणाले, "तुम्ही… बाह मॉर्निंगस्टारच आहात ना? हो असेल तर एकदा वाजवा. नसेल तर दोनदा."

बराच वेळ नुसतं पाणी वाजत राहिलं.

टक… टक.

किटबोकनं माझं मनगट घट्ट धरलं.

"मग कोण आहात तुम्ही?"

ह्याचं उत्तर वाजवून देता येत नाही, हे मला विचारून झाल्यावर कळलं. पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. मग पुन्हा टक, टक, टक. वाच.

मी वाचलं. दुसरं काय करणार? दोन पानं वाचली. किटबोकनं मनगट शेवटपर्यंत सोडलं नाही.

कोंग ड्रोसिलांना सगळं सांगितलं, तेव्हा त्या खिडकीकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"पत्र पोचलं नाही, असं लिही," त्या किटबोकला म्हणाल्या.

"कोंग, माणूस गेल्यावर त्याच्या खात्यातून चौऱ्याऐंशी हजार आलेत. वारसांनी मागितले तर द्यावे लागतील. मग हातात राहतात बारा हजार."

"म्हणजे एक महिना!"

"एकच."

"तेवीस माणसं आहेत माझी, पोरा! काहींना दिवसभरात दुसरा आवाज ऐकू येत नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू काय गप्प? तूच वाचतेस ना तिथं?"

"म्हणूनच, कोंग. मला बघायचंय, कोण ऐकतंय ते. मंगळवारी चारला माझ्या जागी तुम्ही फोन करा. मी तिथं असेन."

"एकटी जाणार सोहऱ्याला? ह्या पावसात?"

"एकट्या नाही," किटबोक म्हणाला. "ऑडिटरला प्रत्यक्ष पाहणीचा अधिकार असतो."

"घाबरलायत ना?" जिन्यावर मी विचारलं.

"खूप. पण तुम्ही एकट्या गेलात तर जास्त घाबरेन."

मंगळवारी सुमोत आम्ही सगळ्यात मागे बसलो, गुडघ्याला गुडघे लावून. मावडॉकच्या पुढे रस्ताच दिसेनासा झाला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत अंदाजानं वळणं घेत होता आणि दरीच्या बाजूनं न दिसणारे धबधबे गरजत होते. फोनवर ऐकू येणारी घरघर तीच होती. मी किटबोककडे पाहिलं. त्यालाही ती ओळखू आली होती.

सोहऱ्याला पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. कोपऱ्यावरच्या टपरीत एक बाई लाल चहा उकळत होती. आम्ही पत्ता विचारला.

"मॉर्निंगस्टार?" तिनं चहा ओतायचा थांबवला. "ते गेल्या वर्षी जूनमध्येच देवाच्या घरी क्वाय-सुपारी खायला गेले. आता काय काम काढलंत?"

"घरात कुणी…?"

"तिसरं घर, हिरवा पत्रा. त्या घरातून आता कुणाचा आवाज येत नाही." तिनं आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चुलीकडे वळली.

तिसऱ्या घराचं फाटक उघडंच होतं. खिडकीचं एक दारही उघडं, आणि त्यातून धुकं संथपणे आत जात होतं. आम्ही भिंतीला चिकटून उभे राहिलो. आत टेबल, टेबलावर काळा फोन. फोनच्या पलीकडे वेताची एक रिकामी खुर्ची, तिच्या पाठीवर पुरुषाचा कोट. आणि त्या रिकाम्या खुर्चीपुढे लाल चहाचा कप होता. त्यातून वाफ निघत होती.

किटबोकचा हात कधी माझ्या हातात आला, मला कळलंच नाही.

चार वाजले. फोन वाजला.

खिडकीलगतच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून, चौकड्यांच्या शालीतून, एक हात बाहेर आला. सुकलेला, निळ्या शिरांचा. त्यानं रिसीव्हर उचलून टेबलावर ठेवला आणि बोटातल्या अंगठीनं लाकडावर तीनदा वाजवलं. रिसीव्हरमधून बारीक, मुंगीएवढा कोंग ड्रोसिलांचा आवाज यायला लागला.

तो हात थबकला. आवाज माझा नव्हता ना! शाल हलली, एक म्हातारी पुढे वाकली. तिच्या चेहऱ्याची एक बाजू खाली ओघळलेली होती. तिनं रागानं दोनदा वाजवलं. दोनदा, पुन्हा दोनदा. पुरे. पुरे. ही नको.

भीती कुठल्या कुठे गेली आणि मला हसू फुटलं, रडूही. मी खिडकीतूनच म्हणाले, "कोंग… मी दारिशा. मंगळवार-शुक्रवारवाली."

म्हातारीनं मान वळवली. दचकली नाही. चेहऱ्याची जी बाजू हलत होती, ती हसली.

मागोमाग टपरीवाली भाताचं ताट घेऊन आली. ती त्या म्हातारीची भाची, लारिसा.

"मघाशी का नाही सांगितलंत?" किटबोक जरा चिडूनच म्हणाला.

"तुम्ही त्यांचं विचारलंत, मावशीचं कुठं विचारलंत?" लारिसा म्हणाली. "ते गेले त्याच आठवड्यात मावशीला झटका आला. वाचा गेली. रोज दोन कप मांडायला लावते. न मांडले तर जेवत नाही. पण हा फोन वाजतो, हे मला आज कळतंय! धबधब्याच्या आवाजात टपरीपर्यंत काही येतच नाही."

त्या होत्या कोंग सिबोन, बाह मॉर्निंगस्टार यांची बायको. अकरा महिने माझं ऐकणारी.

मी सगळं सांगितलं: पत्र, पैसे, ठेव. कोंग सिबोननी बिस्किटाच्या डब्याकडे बोट दाखवलं. डब्यात पासबुक होतं. किटबोकनं ते उघडलं आणि मोठा श्वास सोडला. "खातं दोघांच्या नावावर आहे. म्हणजे हे पैसे ह्यांचेच आहेत, काही परत करायला नको." मला वाटलं, सुटलो! पण तो पानं उलटतच राहिला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"काय झालं?"

"बाहंचं पोस्टातलं पेन्शन त्यांच्याबरोबरच बंद झालंय. बायकोला मिळतं त्याचा अर्ज कुणी केलाच नाही. चौदा महिने ह्या खात्यात एक रुपया जमा नाही. राहिलेत बेचाळीस हजार." तो हळू बोलत होता. "आपले सहा हजार धरले तर सात महिने."

लारिसानं ताट टेबलावर आपटलं. "मी चहा विकून हिला भात घालते, आणि ही सहा हजार वाटते?"

मी कोंग सिबोनच्या पायाशी बसले. "कोंग, आम्हाला हे पैसे नकोत. मी फोन करतच राहीन. पैसे नाही दिले तरी."

टक टक.

"हट्ट करू नका. आम्ही बघू आमचं."

टक टक! अंगठी इतक्या जोरात आपटली की चहा डचमळला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते दुःखाचं नव्हतं, अपमानाचं होतं. त्यांना फुकट ऐकायचं नव्हतं.

"बरं," मी म्हणाले. "मग पेन्शन सुरू झाल्यावर द्या. एका टकटकीचे महिन्याला शंभर रुपये. किती?"

त्यांनी वाजवायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार… त्या थांबायचं नाव घेईनात. सहा झाल्यावर मी त्यांचं बोटच पकडलं. "सहाशे! ठरलं." लारिसाही हसली. कोंग सिबोन लहान मुलीसारख्या गाल फुगवून बसल्या. साठपर्यंत गेल्या असत्या, मला खात्री आहे.

मग त्यांनी माझ्या पिशवीतल्या पुस्तकाकडे पाहिलं. मी ते मांडीवर उघडलं, त्यांचे दोन्ही हात माझ्या एका हातात घेतले आणि वाचायला लागले. खोलीत धुकं होतं, पाण्याचा आवाज होता. लारिसा उंबऱ्यापाशी बसली होती. किटबोक भिंतीला टेकून, मिटल्या डोळ्यांनी ऐकत होता. प्रकरण संपलं, मी थांबले.

टक. टक. टक.

कोंग सिबोनचे दोन्ही हात माझ्या हातात होते.

किटबोकनं डोळे उघडले. लारिसानं छातीवर क्रूस काढला. आवाज वेताच्या खुर्चीच्या बाजूनं आला होता.

"लाकूड असेल," किटबोक कसाबसा म्हणाला. "ओलं लाकूड… वाजतं."

कोंग सिबोन मात्र त्या खुर्चीकडे वळून, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, जराशा वैतागून हसल्या आणि मला मानेनं खुणावलं. वाच.

मी वाचलं. आणखी एक अख्खं प्रकरण, दोघांसाठी.

परतीच्या सुमोतही आम्हाला मागचीच जागा मिळाली.

"तुम्ही ऐकलंत ना?" मी विचारलं.

"ऐकलं."

"मग अहवालात काय लिहाल?"

त्यानं विचार केला. "देणगीदार… समाधानी आहेत."

मी इतकी हसले की पुढच्या सीटवरच्या बायका वळून पाहायला लागल्या. हसता हसता माझं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं आणि शिलाँग येईपर्यंत तिथंच राहिलं. तो इतका न हलता बसला होता की उतरल्यावर त्याला हात वर करता येईना.

बँकेला चिठ्ठी देऊन सहा हजार थांबवले, तेव्हा कोंग ड्रोसिला दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच वही पुढे ओढली. भाडं नऊ हजार. बाकी कशावर काट मारायला जागाच नव्हती.

"माझ्या घराची पुढची खोली रिकामी आहे," मी म्हणाले. "भाऊ लग्न होऊन बायकोच्या घरी गेला. घर धाकट्या लेकीचं असतं, म्हणजे माझं. आईला विचारलंय. ती म्हणाली, फोनची बडबड चालेल, पण चपला बाहेर."

कोंग ड्रोसिला खोलीभर नजर फिरवत राहिल्या. एकोणीस वर्षं होती ती जागा. मग डोळे पुसून म्हणाल्या, "आता हिशेब कर, पोरा."

किटबोकनं तो आधीच करून ठेवला होता. खर्च तेरा हजार, येणं दहा हजार सहाशे. शहाण्णव हजार चाळीस महिने पुरणार होते. "तीन वर्षं चार महिने," तो म्हणाला, आणि कोंग ड्रोसिलांनी त्याचा गालगुच्चा घेतला.

कोंग सिबोनच्या पेन्शनसाठी तो सोहऱ्याच्या पोस्टात तीनदा जाऊन आला. तिसऱ्या वेळी साहेबालाच त्यांच्या घरी घेऊन गेला, अंगठ्याचा ठसा घ्यायला. साहेब पाच मिनिटंही बसला नाही म्हणे. समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढचा चहा निम्मा झालाय, हे त्याच्या लक्षात आलं आणि तो टोपी विसरून निघाला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही सामान हलवलं. टेबलं हातगाडीवरून पुढे गेली. फोन माझ्या कडेवर, वह्यांचा गठ्ठा किटबोकच्या डोक्यावर. आमच्या घराकडच्या नोंगथिम्माईच्या चढावर धुकं इतकं होतं की दहा पावलांवरची माणसं नुसत्या आवाजासारखी जवळून जात होती. कोंग ड्रोसिलांनी मला त्याच सकाळी चिटणीस केलं होतं, म्हणून मी जरा ऐटीत होते.

"एक सांगायचं राहिलं," तो धापा टाकत म्हणाला. "पुढच्या वर्षी तुमचं ऑडिट मला करता येणार नाही."

माझी पावलं थांबली. "का? फुकट करून कंटाळलात?"

"नाही… नियम आहे. चिटणिसाच्या नातेवाइकाला संस्थेचं ऑडिट करता येत नाही."

"पण तुम्ही कुठं माझे नाते—"

धुक्यात त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता. फक्त डोक्यावरचा गठ्ठा थोडा थरथरत होता.

"आत्ता नाही," तो म्हणाला. "पण मार्चपर्यंत… तुझी हरकत नसेल तर. तसा दुसरा ऑडिटर बघून ठेवलाय मी. सत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्यापासून काही धोका नाही."

पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला होता. माझं काळीज इतकं धडधडत होतं की कडेवरचा फोनही किणकिणायला लागला.

"एवढी तयारी केलीस आणि मला विचारायला चढाचा रस्ता मिळाला?"

"सपाटीवर धीर होत नव्हता."

मी त्याच्या डोक्यावरच्या वह्यांतल्या दोन वह्या काढून माझ्या काखेत मारल्या आणि पुढे चालायला लागले, म्हणजे मला हसताना त्यानं पाहू नये.

"रविवारी प्रार्थना झाली की तुझ्या मामांना बोलणी करायला आमच्याकडे पाठव," मी मागे न वळता म्हणाले. "सकाळीच. दुपारी आई झोपते… आणि झोपमोड झाली की ती कुणालाच हो म्हणत नाही."